हेलिकॉप्टरचा पाना आणि किर्लोस्करवाडीचा नांगर



आमची शाळा सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. पोरं दोन्हीकडून येतात. मागच्या निवडणुकीच्या वेळी शेजारच्या साखर कारखान्याच्या माळावर एक हेलिकॉप्टर उतरलं. कोण आलं होतं ते सोडून द्या, आमच्या आठवीच्या पोरांना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. शाळेच्या भिंतीवर चढून सगळे पंखा थांबेपर्यंत बघत होते. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला प्रश्न आलेच. पेट्रोल किती लागतं, किंमत किती, पायलटला पगार किती. मला येत होती तेवढी उत्तरं दिली. मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, हे बिघडल्यावर कोण उघडतं? आणि कुठल्या पान्यानं?"

वर्ग हसला. मीसुद्धा हसलो, हे कबूल करतो. पण घरी जाताना प्रश्न डोक्यातून जाईना, कारण मला त्याचं उत्तर येत नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस वाचलं, आमच्या गावातून वायुदलात गेलेल्या एका निवृत्त तंत्रज्ञांकडं दोनदा जाऊन बसलो, आणि त्यातून तीन तासांचा एक पाठ तयार झाला. तो तुम्हालाही घेता यावा म्हणून इथं सविस्तर लिहितो आहे. विज्ञान, गणित आणि आपल्या भागाचा इतिहास असं तिन्ही त्यात आहे. शिवाय त्या मागच्या बाकावरच्या मुलाशी माझा एक हिशेब राहिला होता, तोही यात येईल.

पहिला तास : नट किती आवळायचा?

सुरुवात सायकलपासून करा. मुलांना विचारा, चाकाचा नट किती आवळायचा? उत्तर ठरलेलं असतं, "फिट्ट." फिट्ट म्हणजे किती? "हलणार नाही एवढा." सायकलला हे उत्तर चालतं. ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या हेडला ते चालत नाही आणि हेलिकॉप्टरला तर अजिबात नाही.

का नाही, ते आकड्यांत दाखवा. तीन पात्यांचं हेलिकॉप्टर घ्या. आपल्याकडं सैन्यात वर्षानुवर्षं वापरात असलेलं चेतक तसंच आहे. फ्रान्सच्या परवान्यावर हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ते बंगळुरूला १९६० च्या दशकात बनवायला घेतलं. हिशेबासाठी मिनिटाला ३५० फेऱ्या धरा. प्रत्येक फेरीत तीन पाती फिरतात, म्हणजे मिनिटाला १,०५० वेळा एकेक पातं पुढून जातं. सेकंदाला साडेसतरा. तासाला ६३,०००. प्रत्येक वेळी एक बारीक धक्का यंत्राच्या हाडापर्यंत पोचतो. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, ६३,००० हा आकडा फळ्यावर आला की वर्ग आपोआप गप्प होतो. तासाला एवढे धक्के खाऊनही जो नट सुटता कामा नये, तो "फिट्ट" या शब्दावर कसा सोडायचा?

बरं, मग भरपूर आवळू या, असं कोणीतरी म्हणतंच. इथं मुलांना एक गोष्ट नीट समजावी लागते. बोल्ट आवळला की तो थोडासा ताणला जातो, अगदी रबर ताणल्यासारखा, फक्त डोळ्यांना न दिसणारा. तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनंच दोन भाग घट्ट धरले जातात. कमी आवळला तर ओढ कमी आणि धक्क्यांनी नट सैल होतो. जास्त आवळला तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात, किंवा आत न दिसणारी चीर पडते आणि ती चीर ६३,००० धक्क्यांनी रोज थोडी थोडी वाढते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना आहे आणि बरोबर जागा मधली एक छोटी पट्टी आहे. यंत्र बनवणारी कंपनी ती पट्टी पुस्तकात छापून देते, मेकॅनिकनं नट त्याच पट्टीत आवळायचा.

हे मोजायचं माप म्हणजे टॉर्क. मराठी पुस्तकात त्याला बलाचे आघूर्ण म्हणतात, पण वर्गात मी "पीळ" म्हणतो, मुलांना लगेच कळतं. जोर गुणिले अंतर. नटाच्या मध्यापासून हात जितका लांब, तितका त्याच जोराला पीळ जास्त. सहावीत तरफ शिकलेली असते, तीच ही. १०० न्यूटन जोर अर्ध्या मीटरवर लावला तर ५० न्यूटन-मीटर. पाव मीटरवर लावला तर त्याच पिळाला २०० न्यूटन लागतील.

आता प्रयोग. साहित्य फार लागत नाही. प्रवासाची बॅग मोजायचा लटकता काटा, एक लांब पाना, शिकंजात धरलेला जुना बोल्ट आणि नट, खडू आणि थोडं तेल. नटाच्या मध्यापासून बरोबर २० सेंटीमीटरवर पान्याला खूण करून तिथं काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. काटा १० किलो दाखवेल तेव्हा थांबा. दहा किलो म्हणजे साधारण १०० न्यूटन, अंतर ०.२ मीटर, म्हणून पीळ सुमारे २० न्यूटन-मीटर. नट कुठं थांबला तिथं खडूची रेघ मारा. मग नट सोडा, आट्यांना आणि नटाच्या बुडाला तेल लावा आणि पुन्हा अगदी तेवढ्याच, दहा किलोवर ओढा. नट रेघेच्या पुढं जातो!

मुलांना वाटतं काटा चुकला. काटा बरोबर आहे. कोरड्या बोल्टमध्ये आपण लावलेल्या पिळातला फार मोठा भाग, ढोबळ मानानं दहातले नऊ हिस्से, नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणातच खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम एक हिस्सा. तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून हेलिकॉप्टरच्या पुस्तकात नुसता आकडा नसतो. आटे कोरडे ठेवायचे की वंगण लावायचं, लावायचं तर कुठलं, हेही लिहिलेलं असतं. "सूचना नीट वाचा" असं मी वर्षाला हजार वेळा सांगतो, पण त्या खडूच्या रेघेनं ते एका मिनिटात सांगितलं.

(एक सूचना. शिकंजा टेबलाला पक्का बसलेला असू द्या. आमच्याकडं पहिल्यांदा टेबलासकट सगळं ओढलं गेलं आणि एका मुलाच्या पायावर पाना पडला. सुदैवानं बूट होते.)

दुसरा तास : जिथं हात पोचत नाही

निवृत्त तंत्रज्ञांनी मला सांगितलं ते असं. हेलिकॉप्टर म्हणजे जागेची चणचण. वजन वाचवायचं म्हणून सगळं एकमेकांना खेटून बसवलेलं असतं. नट समोर दिसतो, पण त्याच्यावर सरळ पाना बसत नाही. मध्ये नळी येते, तार येते, कुठलं तरी झाकण येतं. म्हणून अनेक नटांसाठी वेगळी हत्यारं लागतात. वाकडी, लांब मानेची, नुसतं अर्धं तोंड असलेली. काही तर एका जातीच्या हेलिकॉप्टरच्या एकाच नटासाठी असतात, दुसरीकडं त्यांचा काही उपयोग नाही. मुख्य पंखा ज्या नटावर धरलेला असतो, तो काही हेलिकॉप्टरमध्ये एकच मोठा नट असतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांनी त्याला "जीझस नट" असं नाव पाडलं. तो निसटला तर मग देवाचा धावा करण्याशिवाय काही उरत नाही, म्हणून. पोरांना हे नाव फार आवडतं, पण परीक्षेत लिहू नका म्हणून सांगावं लागतं.

असं वाकडं तोंड टॉर्क मोजणाऱ्या पान्याच्या पुढं जोडलं की एक गंमत होते, आणि गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. समजा टॉर्कच्या पान्याची लांबी ३० सेंटीमीटर आहे. पुढं सरळ रेषेत ५ सेंटीमीटरचं तोंड जोडलं. नटाला पाहिजे ७० न्यूटन-मीटर. पान्यावर किती लावायचं? वर्गातली सगळी मुलं ७० म्हणतात. चूक. आता हातापासून नट ३५ सेंटीमीटरवर आहे, म्हणून नटाला ७० मिळायला हाताचा जोर लागतो ७० भागिले ०.३५, म्हणजे २०० न्यूटन. पण पान्यातलं माप मोजतं ते स्वतःच्या डोक्यापाशी, ३० सेंटीमीटरवर. २०० गुणिले ०.३०, म्हणजे ६०. पान्यावर ६० लावलं की नटाला ७० मिळतात. आणि चुकून ७० लावलं तर? नटाला जवळजवळ ८२ मिळतात. म्हणजे मेकॅनिकनं पुस्तक पाळलं, आकडा बरोबर लावला, आणि तरी नट मर्यादेबाहेर आवळला गेला.

हे फळ्यावर मांडून मी विचारलं, "मग हा हिशेब टाळता येईल का?" वर्ग शांत. मागच्या बाकावरून तोच मुलगा म्हणाला, "सर, ते तोंड काटकोनात लावायचं. मग वाढत नाही."

मी थांबलो. खरं सांगायचं तर मला स्वतःला दोन मिनिटं लागली. तोंड पान्याशी काटकोनात वळवलं तर नट बाजूला सरकतो, पण हाताच्या जोराच्या रेषेपासून त्याचं लंब अंतर ३० सेंटीमीटरच राहतं. पीळ बदलत नाही. मेकॅनिक लोक जागा असेल तर हेच करतात. "तुला कसं माहीत?" विचारलं तर म्हणाला, "आमचे पप्पा ट्रॅक्टरच्या हेडला तसंच लावायला सांगतात गॅरेजवाल्यांना. ते पाना तेच बनवून देतात."

आता तो हिशेब सांगतो. या मुलाच्या घरी आजोबांपासूनचं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग आणि तीन माणसं, त्यात दोन घरातलीच. आजूबाजूच्या तीन-चार तालुक्यांतले ट्रॅक्टर आणि जेसीबीचे मेकॅनिक त्यांच्याकडं हत्यारं बनवून घ्यायला येतात. बाजारात मिळत नाहीत अशी. बेअरिंग ओढायचा पुलर, मान वाकवलेला पाना, कुठल्याशा खोबणीत शिरेल असा पंच. आणि या मुलाला त्याच्या आदल्या चाचणीत मी विज्ञानात वीसपैकी सात गुण दिले होते.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्याचा पेपर गठ्ठ्यातून काढून पुन्हा बघितला. प्रश्न होता, "लांब पान्याने नट सहज का सुटतो?" त्यानं लिहिलं होतं, "हात लांब धरला की कमी जोर लागतो. पण पाईप घालून लई ओढलं तर आटे जातात." मी दोनपैकी अर्धा गुण दिला होता. "बलभुजा" हा शब्द नाही म्हणून, आणि दुसरं वाक्य प्रश्नाबाहेरचं म्हणून लाल रेघ मारून. मी पहिल्या तासात अर्धा तास घालवून जे शिकवलं, ते हे दुसरं वाक्यच होतं.

तिसरा तास : आपल्या मातीतलं उदाहरण

मुलांनी पुढचा प्रश्न विचारला तो असा, "सर, हेलिकॉप्टरचे पाने मोठ्या कंपन्या बनवत असतील ना?" साध्या पान्यांचं बरोबर आहे. पण जे हत्यार देशभरात पन्नासच लोकांना लागणार, त्यासाठी मोठा कारखाना आपली मशीन कशाला थांबवेल? असली कामं जगभर छोट्या, बहुतेक वेळा घरच्या वर्कशॉपकडं जातात. पन्नास नग, पण एकेक अचूक. आणि तिथं बनवणारा माणूस वापरणाऱ्याला ओळखत असतो. हे दुसरं वाक्य मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून मी हेलिकॉप्टर सोडून नांगराकडं गेलो. आमच्या शाळेपासून किर्लोस्करवाडी जवळ, आणि विशेष हत्यार बनवणाऱ्या घराचं याहून जवळचं आणि मोठं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट पुस्तकातून आपल्याला थोडी माहीत असते, पण शिक्षकांनी ती पुन्हा एकदा शिक्षकाच्या नजरेनं वाचावी. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले. तिथं लक्षात आलं की काही रंग डोळ्यांना नीट वेगळे दिसत नाहीत. चित्रकला सुटली. पण रेघ पक्की होती, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडं वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि तिथंच शिकवायलाही लागले. म्हणजे आपल्यातलेच, मास्तर! नंतर नोकरी सोडून बेळगावला आले आणि थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलच्या दुकानात पडले. किर्लोस्कर बंधूंची सुरुवात १८८८ पासून धरतात.

सायकल दुरुस्त करता करता कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. आपला जुना लाकडी नांगर माती चिरतो, उलथत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळं खोल असतात, ती तशीच राहतात. लोखंडी नांगर माती पालथी घालतो. काम चांगलं, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. हा भाग मी वर्गात मुद्दाम सावकाश सांगतो. मुलं शेतकऱ्यांना हसायला लागतात, तेव्हा त्यांना विचारतो, तुमच्या घरी ठिबक पहिल्यांदा आलं तेव्हा आजोबा काय म्हणाले होते? मग हसू थांबतं. शेतकरी मूर्ख नव्हता. एक हंगाम चुकला तर घर उपाशी, त्यामुळं नवीन हत्यारावर भरवसा ठेवायला तो वेळ घेणारच. बनवणाऱ्यानं त्याच्या बांधावर जाऊन थांबायला हवं.

बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. इथं नकाशा काढा. औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. पण संस्थानाचे तुकडे विखुरलेले होते आणि कुंडल हा त्यातला एक, तो आज सांगली जिल्ह्यात. साताऱ्याकडच्या राजानं आजच्या सांगलीत कारखाना बसवला, ही गंमत मुलांना नकाशाशिवाय कळत नाही. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार. रंग सोडाव्या लागलेल्या माणसाला रंगांत रमलेल्या राजानं जागा दिली, असं मला नेहमी वाटतं. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. जागा म्हणजे निवडुंग आणि नाग, एवढंच.

पण मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती सोबतची माणसं. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले, ते तिथं कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी परीक्षांत मागं पडलेले, ते कारखान्याचे बिनीचे माणूस झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, ज्यांच्या नावानं मुलूख घाबरत होता, ते वाडीचे राखणदार. लक्ष्मणरावांनी माणसं निवडताना कुठली गुणपत्रिका बघितली असेल? शिक्षक म्हणून हा प्रश्न मला सुखाचा वाटत नाही, पण तुमच्यासमोर ठेवतो.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. हे सांगताना वर्गात टाळ्या पडतात. आमच्या इतिहासाच्या बाईंनी तर या एका वाक्यावर चित्र काढायला लावलं. आणखी एक गोष्ट भाषेच्या शिक्षकांसाठी. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी "किर्लोस्कर खबर" सुरू केलं, ते कारखान्याचं पत्रक म्हणून, गिऱ्हाइकापर्यंत यंत्राची माहिती पोचावी म्हणून. त्यातूनच पुढं मराठीतलं "किर्लोस्कर" मासिक मोठं झालं, "स्त्री" आणि "मनोहर" निघाली. एवढ्या मोठ्या मासिक परंपरेच्या मुळाशी नांगर बनवणाऱ्याला नांगर धरणाऱ्याशी बोलायचं होतं, हे कारण आहे.

साताऱ्याकडच्या मुलांना वाटू नये की सगळं सांगलीचंच चाललंय, म्हणून दोन नावं जोडतो. सातारा शहरात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कूपरचा कारखाना उभा केला, नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. आणि कराडजवळची ओगलेवाडी, तिथल्या ओगले बंधूंचा प्रभाकर कंदील. घरात जुना कंदील असेल तर मुलांना आणायला सांगा, काचेकडं नीट बघू द्या.

वर्गात करायचा फळा

पाठाचा शेवट मी एका फळ्यानं करतो. विमानाच्या आणि हेलिकॉप्टरच्या कामाच्या जागी हत्यारं एका फळ्यावर अशी लावतात की प्रत्येकाच्या मागं त्याच्याच आकाराची आकृती रंगवलेली असते. हत्यार काढलं की रिकामी आकृती दिसते. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी असेल तर ते यंत्र उडत नाही. पाना सापडेपर्यंत सगळे शोधतात. इंजिनात किंवा दांड्यांत राहिलेला छोटा पाना माणसं मारू शकतो. तंत्रज्ञ काका सांगत होते की आपल्या हातून हरवलं असं लगेच सांगणाऱ्याला तिथं ओरडत नाहीत, लपवणाऱ्याला सोडत नाहीत. मला हे फार पटलं. आपण शाळेत नेमकं उलटं करतो की काय, असं वाटून गेलं.

आम्ही प्रयोगशाळेतल्या सामानासाठी असा फळा थर्माकोलवर केला. चिमटे, परीक्षानळीचा पकड, स्क्रू ड्रायव्हर, कात्री. पहिल्या आठवड्यात कात्रीची जागा रिकामी राहिली आणि चार वर्ग मिळून शोधत होते. ती स्टाफरूममध्ये, माझ्याच ड्रॉवरमध्ये निघाली. मी सगळ्यांसमोर सांगितलं.

ज्यांना हा पाठ घ्यायचा आहे त्यांनी जवळच्या एखाद्या वर्कशॉपला भेट जरूर ठेवावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे, त्यात हे सहज बसतं. पंधरापेक्षा जास्त मुलं एका वेळी नेऊ नका. सैल ओढण्या, लटकते दप्तराचे पट्टे नकोत, आणि लेथ चालू असताना पिवळ्या रेघेच्या आत कोणी नाही. वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगा. इथं कुठलं हत्यार बनतं, ते कोण वापरतं, आणि बाजारातलं का चालत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मुलांना कारागिराशी बोलावंच लागतं. आमच्या मुलांनी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे तिथं ऐकलं आणि मग व्हर्निअरवर मिलिमीटरमध्ये मोजून बघितलं, ३.१७५ ऐवजी ३.२ आलं. चूक किती टक्के, हा पुढच्या तासाचा गृहपाठ झाला.

आम्ही त्या मुलाच्या घरच्या वर्कशॉपलाच गेलो. त्याच्या वडिलांनी सगळं प्रेमानं दाखवलं, मुलांना चहा-बिस्किटं दिली. मुलगा मात्र दाराशीच उभा. निघताना वडिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आलात ते लई बरं वाटलं. पण एक सांगू का? त्याला यात गोडी लावू नका. मी त्याला मशीनला हात लावू देत नाही. आमचा बा या तेलात गेला, मी चाललोय. लाईट गेली की काम बंद, गिऱ्हाईक सहा-सहा महिने पैसे देत नाही. तो शिकून ऑफिसात बसू दे."

मी काय बोलणार? त्यांचं काही चुकत नव्हतं. किर्लोस्करवाडीची गोष्ट मी वर्गात सांगू शकतो, त्यांच्या उधारीच्या वहीपुढं ती सांगायला जीभ रेटेना. एवढंच म्हणालो की आयटीआय आणि डिप्लोमा या वाटांनी गेलेली मुलंही पुढं इंजिनिअर होतात, विमानाच्या देखभालीचं शिक्षणही रीतसर घेता येतं, आणि त्यासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतं. ते म्हणाले, "गणितातच तर मार खातो तो." मी म्हणालो, "नाही खात. पेपर मी चुकीचा तपासला होता."

ते नुसतं बघत राहिले. पालकहो, तुमच्यापैकी कोणी असा व्यवसाय चालवत असेल तर यावर तुम्हाला काय वाटतं ते मला खरंच ऐकायचं आहे. मुलाला दुकानात येऊ द्यावं की नाही, किती वेळ, कुठल्या वयापासून. माझ्याकडं याचं उत्तर नाही.

त्या चाचणीचे गुण मी वाढवून दिले, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. दीड गुणानं साडेआठ झाले, फार काही बदललं नाही. पण पुढच्या सोमवारी मुलगा कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. वडिलांनी दिलं होतं. शाळेच्या प्रयोगासाठी पट्टी घासून केलेला एक पाना, दांड्यावर दर पाच सेंटीमीटरला छिन्नीनं बारीक खूण, आणि काटा अडकवायला प्रत्येक खुणेवर भोक. खुणा दांड्याच्या टोकापासून नाहीत, नटाच्या मध्यापासून मोजलेल्या. मी त्याला विचारलं, "या खुणा कोणी मारल्या?"

"पप्पांनी भोकं पाडली," तो म्हणाला. "खुणा मी मारल्या."

फळ्यावर त्या पान्याची आकृती आम्ही त्याच दिवशी रंगवली.